दादांची स्प्रिंग

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी "सरकारी नोकरी" म्हणून मोकळी होते. खरं सांगायला गेलं की अर्धा तास जातो आणि समोरच्याला जांभया येतात. एकदा इथे कोलकात्यात, बेहाल्याच्या बाजारात आमच्याच इमारतीतल्या एका बाईंना सांगून बसले, की चंद्र हादरतो ते मोजायचं यंत्र आम्ही बनवतो. त्या वांगी निवडत होत्या. हातातलं वांगं तसंच धरून त्यांनी विचारलं, "तिथे माणसंच नाहीत, मग हादरला काय आणि न हादरला काय?" प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. पण उन्हात पिशवी धरून उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती.

उत्तर तसं सोपं आहे. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून कान लावतो, आतून कसं आहे ते कळावं म्हणून. चंद्राला टिचकी मारायची सोय नाही, पण तो मधूनमधून आपणहून थरथरतो, शिवाय बाहेरून दगड येऊन त्याच्यावर आदळतात. ती थरथर टिपली की वरचं कवच किती जाड, आतला गाभा घट्ट की पातळ, याचा अंदाज बांधता येतो. तिथे वारा नाही, समुद्र नाही, मिनीबस नाही. म्हणून तिथलं यंत्र इतकं नाजूक कानाचं करावं लागतं, की इथे पृथ्वीवर ते बिचारं वेडंच होतं. हे काही मी त्या बाईंना सांगितलं नाही. मीही वांगी घेतली आणि घरी आले.

मला सांगायचंय ते दादांबद्दल. दादा म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. इथे ऑफिसात वडीलधाऱ्या माणसाला दादाच म्हणतात, तसं मीही पहिल्या दिवसापासून म्हणत आले. राहायला डमडमला, स्वभावाने चिडके. मीही काही कमी नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. आम्ही बंगालीत भांडायचो, आणि मी फार तापले की माझ्या तोंडून मराठी सुटायचं. मग ते शांतपणे म्हणायचे, "आता जे बोललीस ते नक्की खरं असणार. मला एक अक्षर कळलं नाही."

आमच्या यंत्राचा जीव म्हणजे एक वजन आणि त्याला पेलून धरणारी स्प्रिंग. जमीन हलते, वजन जागच्या जागी राहतं, आणि त्या दोघांत जो फरक पडतो तो मोजायचा. बाकीचा सगळा तामझाम त्या फरकासाठी. आमची स्प्रिंग वेटोळ्यांची नव्हती, धातूची एक पातळ पट्टी होती, धनुष्यासारखी वाकवलेली. ती दादांची. तिच्यात कोणता धातू किती, भट्टीत किती तापवायची, किती सावकाश निववायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं करून बघून ठरवलं होतं. स्प्रिंग ही थकणारी वस्तू आहे. वजन धरून धरून सैलावते, उष्णतेने ढिली होते, थंडीत आखडते. चंद्रावर दिवस भाजून काढतो आणि रात्र गोठवते. दादांची पट्टी थकत नव्हती. आमच्या टेबलावर आम्ही तिचे हाल हाल केले, पण ती होती तिथेच.

दादांच्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना चंद्रावर उतरणाऱ्या एका यानात आमच्या यंत्राला जागा मिळायची शक्यता निर्माण झाली. त्या दिवसापासून या माणसाला दुसरं काही सुचेना. बढतीसाठी अर्ज भरायचा होता, तो भरला नाही. परदेशातून शिकवायला बोलावणं आलं होतं, ते नाकारलं. मला म्हणाले, "मी काही वर जाणार नाही. माझी पट्टी जाऊ दे, मग मी सुखाने घरी बसतो." एवढीच काय ती त्यांची इच्छा, आणि आमच्या मजल्यावर सगळ्यांना ती पाठ होती.

माझी आई दादांना ओळखायची. माझे वडील बँकेत होते, बदलीवर इथे आले आणि पुढच्या बदल्या रद्द करून घेता घेता इथलेच होऊन गेले. ते गेल्यावर आई आणि मी बेहाल्यातच राहिलो. दिवाळीनंतर दादा एकदा घरी यायचे आणि चिवड्याचा डबा खाली करून जायचे. खाता खाता स्प्रिंगबद्दल बोलत राहायचे. आईला बंगाली बाजारापुरतं येतं, पण ती लक्ष देऊन ऐकायची. एकदा ते निघून गेल्यावर म्हणाली, "अगं, लग्नाला आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसा बोलतो हा माणूस त्या पत्र्याबद्दल." मी म्हटलं, पत्रा म्हणू नकोस. ती म्हणाली, "बरं, मुलगी म्हणते. स्थळ चांगलं मिळालं म्हणजे झालं."

आता या कामातली खरी अडचण सांगते. चंद्राची ओढ आपल्या पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. तिथल्या बेताने केलेली स्प्रिंग इथे उभी केली, तर वजन धप्पकन तळाला बसतं. म्हणजे जे यंत्र आपण हातांनी घडवतो ते आपल्या समोर कधी नीट उभंच राहत नाही. यावर उपाय असा, की यंत्र जवळजवळ आडवं करून ठेवायचं. भिंतीला लावलेली शिडी पार खालपर्यंत सरकवावी तसं. मग स्प्रिंगवर वजनाचा थोडासाच भार येतो, चंद्रावर येईल तेवढाच. जाणकार मंडळी असंच करतात, आम्हीही तसंच केलं.

दुसरी अडचण कोलकात्याची. आमची प्रयोगशाळा डायमंड हार्बर रोडला लागून. बस, ऑटो, आधी मेट्रोचं बांधकाम, मग मेट्रो, आणि दुर्गापूजा जवळ आली की मंडपाचे बांबू ठोकणारे. इथली जमीन म्हणजे नुसता गाळ. पलीकडच्या गल्लीत कुणी पोतं आपटलं तरी आमच्या पडद्यावर रेघ उड्या मारायची. यंत्राला चंद्र ऐकायचा होता आणि ऐकू येत होता डायमंड हार्बर रोड. दादा वैतागून म्हणायचे, या शहराला एकदा तरी गप्प बसवा.

शेवटी शहराबाहेर बजबजला जागा मिळाली. बंद पडलेल्या एका ताग गिरणीचं गोदाम, अगदी गंगेच्या काठावर. हातभर जाडीच्या भिंती, आतली यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली, रात्री आसपास चिटपाखरू नाही. दादा डमडमहून निघायचे, सियालदाहहून बजबजची लोकल पकडायचे, आणि मी माझेरहाटला त्याच गाडीत चढायचे. ते माझ्यासाठी खिडकीशेजारची जागा धरून ठेवायचे, मग मी बसले की सांगायचे, खिडकी मला दे, मला हवा लागते.

आमच्या कामाची एक रीत आहे. यंत्र लावायचं, झाकायचं, दार ओढून घ्यायचं आणि तिथून चालू पडायचं. माणूस जवळ असला की यंत्राला तोच ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी यायचं आणि नोंद काढून बघायची. त्यातही दिवसाची नोंद कुणी बघत नाही, कारण दिवसा लोकल धावते, तेलाच्या डेपोतून टँकर ये-जा करतात. रात्री सगळं निजल्यावर जो शांत तुकडा मिळतो तेवढाच कापून घ्यायचा. उरलेल्या नोंदीला आम्ही कचरा म्हणायचो. साठवून ठेवायचो, कारण सरकारी कामात काही टाकता येत नाही, पण तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतो. भूकंपाच्या धंद्यातली सगळी माणसं रात्रीच्या शांततेची हावरी असतात. आम्ही तर जास्तच, कारण आम्हाला चंद्रासारखी शांतता हवी होती.

आणि त्या शांत तुकड्यात वजन सरकताना दिसायला लागलं. एखाद्या रात्री हळूच वर. काही दिवसांनी तसंच हळूच खाली. मग मध्येच एखादी रात्र अगदी स्थिर, की आम्हाला वाटावं, चला, गेलं संकट. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. सरकणं अगदी थोडं होतं, पण चंद्राच्या कामाला तेवढंही चालणार नव्हतं. आम्ही तापमानावर संशय घेतला. यंत्राला गोधडीसारखे थर गुंडाळले, भोवती वाळूच्या पिशव्या रचल्या. सरकणं थांबलं नाही. मग विजेची जोडणी बदलली, मोजणारा भाग बदलला, केबल बदलल्या. प्रत्येक वेळी दादा दार ओढून घेताना म्हणायचे, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर ये रे माझ्या मागल्या.

जमीनच कलत असेल का, ही शंका मी काढली होती. गोदाम जुनं, जमीन गाळाची, खचत असेल थोडी. मधल्या एका बैठकीत यानात काय जाणार ते ठरवणाऱ्या समितीतल्या एका विद्वानांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि सांगितलं, की वरखाली हालचाल मोजणाऱ्या यंत्राला जमीन किंचित कलल्याने फरक पडत नसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. बरोबर होतं त्यांचं. मलाही पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मी मान डोलावली, दादांनीही डोलावली, आणि तो विषय तिथेच मिटला.

एक एक करून सगळे निर्दोष सुटले आणि उरली ती पट्टी. दादा गप्प गप्प राहायला लागले. लोकलमध्ये खिडकीही मागेनात. मी मुद्दाम काहीतरी खोडी काढायचे, त्यांच्या आवडत्या फुटबॉल संघाला नावं ठेवायचे, तर नुसतं "हो" म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. भांडा की माझ्याशी, असं ओरडावंसं वाटायचं. ज्या माणसाने तारुण्य त्या पट्टीपायी घालवलं तोच आता तिच्याकडे संशयाने बघत होता, आणि ते मला बघवत नव्हतं. घरी येऊन मी आईवर चिडचिड करायचे. आई म्हणायची, "तुझ्या दादांचं दुखणं माझ्या वरणावर का काढतेस?"

मग शेवटची बैठक आली. यानात काय बसवायचं आणि काय नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. समितीतली मंडळी बाहेरून आली होती, चहा झाला, सगळे खुशीत होते. आमच्या यंत्राबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. सरकण्याचा मुद्दा कागदावर होता, पण त्यावरून कुणी अडून बसेल असं वाटत नव्हतं. मी मनात ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं की अजून थोडा वेळ द्या, आम्ही शोधून काढू. दादा बोलायला उभे राहिले. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "स्प्रिंग माझी आहे आणि मला तिची खात्री देता येत नाही. माझं म्हणणं असं, की ही पाठवू नये."

मी शेजारी बसून त्यांची बाही ओढत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अध्यक्षांनासुद्धा अवघडल्यासारखं झालं, त्यांनी दोनदा विचारलं, तुमचा विचार पक्का आहे का. दादांनी कागद पुढे ओढला आणि सही केली. यानातली ती जागा दुसऱ्या कुणाच्या उपकरणाला गेली.

परतताना जिन्यात मी त्यांना गाठलं. "थोडा वेळ मागून घ्यायचा होता, दादा. देत होते ते."

"वेळ घेऊन काय करू? जिच्यावर माझाच विश्वास नाही ती मी वर पाठवू? तिथे बिघडली तर कोण जाणार दुरुस्त करायला, तू?"

प्रामाणिकपणा होता तो, त्याला नाव ठेवायची माझी छाती नाही. पण आज वाटतं, की त्या दिवशी त्या जागी एखादा थोडा लबाड माणूस असता तर किती बरं झालं असतं.

त्यानंतर दादांनी पट्टी कापली. दोष कुठे आहे ते बघायचं तर तिचे तुकडे करून सूक्ष्मदर्शकाखाली घालावे लागतात, दुसरा मार्ग नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तुकडे घासले, चकचकीत केले, एकेक करून बघितले. कुठे भेग नाही, कुठे डाग नाही. मी म्हटलं, "बघा, चांगलीच आहे ती." दुसरा कुणी असता तर या शब्दाला धरून बसला असता. दादा म्हणाले, "दोष इतका बारीक आहे की दिसतसुद्धा नाही." माणसाचं मन एकदा विटलं की पुरावा उलटा वाचायला लागतं.

ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हार, संदेश मिठाईचा डबा, भाषणं, सगळं यथासांग झालं. दादा कँटीनच्या चहावर बोलले, लोकलच्या वेळापत्रकावर बोलले, सगळ्यांना हसवलं. स्प्रिंगचं नाव काढलं नाही.

त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. पुढे दुसऱ्या मोहिमेसाठी नवं यंत्र मंजूर झालं, आणि यात स्प्रिंग बाहेरून आणलेली घ्यायची असं वरूनच ठरलं. मी विरोध केला नाही. विरोध कशाच्या जोरावर करणार होते? स्प्रिंग ठीक होती, दादांच्या पट्टीपेक्षा जड, उष्णतेला जरा जास्त हळवी, पण तिची कागदपत्रं स्वच्छ होती. यंत्र तयार झालं, सगळ्या चाचण्यांतून गेलं, त्यावर मोहोर लागली आणि ते आमच्या हातून निघून गेलं. एकदा मोहोर लागली की त्यातला स्क्रूसुद्धा बदलता येत नाही.

ते गेलं आणि मला थोडी उसंत मिळाली. बजबजचं गोदाम सोडायचं होतं, त्या जागी इमारती उठणार आहेत म्हणतात. म्हणून जुन्या नोंदी नव्या संगणकावर चढवत होते. नवी प्रणाली मोठी आगाऊ, विचारल्याशिवायच सगळी नोंद एका दमात काढून दाखवते. रात्रीचा तुकडा वेगळा काढायच्या आधीच तिने पडद्यावर सलग रेघ मारली, दिवस आणि रात्र, आमच्या कचऱ्यासकट. खडखडाट खूप होता त्यात, लोकल होत्या, टँकर होते. पण त्या सगळ्याच्या खालून एक मोठी संथ लाट चालली होती. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली. काही दिवस फुगत जाणारी, मग ओसरत जाणारी, मग पुन्हा फुगणारी.

मला जेटी आठवली. लोकल चुकली की दादा आणि मी बजबजच्या जेटीवर मुडी, म्हणजे आपले मुरमुरे, खात बसायचो. जेटीवर उतरायचा जो पूल आहे तो भरतीला सपाट असतो आणि ओहोटीला घसरगुंडीसारखा उभा. दादांचा गुडघा दुखायचा, म्हणून ओहोटी असली की ते नदीलाच शिव्या घालायचे. इतकी वर्षं आम्ही त्या पुलावरून चढलो-उतरलो. बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं आणि त्या रेघेशेजारी ठेवलं. दोन्ही तंतोतंत जुळली.

समुद्र इथून लांब आहे, पण त्याची भरती गंगेतून वर चढत येते. पाणी चढलं की काठावर त्याचं ओझं पडतं, गाळाची जमीन नदीच्या बाजूला इवलीशी दबते आणि गोदाम तिकडे झुकतं. पाणी उतरलं की परत जागेवर. उभ्या यंत्राला हे झुकणं कळलंच नसतं, विद्वानांचं म्हणणं खरं होतं. पण आमचं यंत्र उभं कुठे होतं? ते आडवं पडलेलं होतं, चंद्राची ओढ भासवण्यासाठी आम्हीच पाडलेलं, आणि तशा स्थितीत जमीन जराशी कलली तरी वजनाचा भार बदलतो. यंत्र उभं असण्याची ही अट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणून आमच्या त्या ठरलेल्या शांत तुकड्यात कधी चढ यायचा, कधी उतार. दिवसाकडे एकदा बघितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात उलगडा झाला असता. पट्टी पहिल्यापासून चोख होती. इतकी चोख, की नदीचं कूस बदलणंही तिला कळत होतं.

पहिल्यांदा मला आनंद झाला. मग सूक्ष्मदर्शकाखालचे ते तुकडे आठवले. घरी येऊन आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." थोड्या वेळाने म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी दिलंत गं तुम्ही."

"दादांना सांगू?"

"बैल गेल्यावर झोपा करून काय मिळायचं? म्हातारा झाला तो. राहू दे शांत."

पण मला राहवेना. वाटलं, एका माणसाने आपल्या जन्माचं काम नासकं म्हणून टाकून दिलं आणि ते नासकं नव्हतं, हे फक्त मला माहीत असावं, हा कुठला न्याय? त्यांचं त्यांना परत द्यायला हवं. मला खरोखर वाटलं होतं, की मी त्यांना काहीतरी द्यायला चालले आहे.

पूजा संपली की इथे विजयेला जायची रीत आहे. धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचं, पाया पडायचं, गोड खायचं. मी दादांकडे दर वर्षी जाते. यंदा जाताना त्या रेघेचा लांबलचक कागद छापून, गुंडाळून बरोबर घेतला. मेट्रोने डमडमला उतरले, वाटेत मिठाई घेतली. दार बौदींनी उघडलं, म्हणजे दादांच्या बायकोने. दादा खुर्चीत बसले होते, खूप वाळलेत. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच विचारलं, "हातात काय आहे?"

मी कागद जमिनीवर पसरला. खाली भरतीच्या वेळा मी लाल शाईने लिहिल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. चष्मा लावला, पुढे वाकले, बोट ठेवून लाटेच्या माथ्यांवरून हळूहळू गेले आणि म्हणाले, "जोयार." म्हणजे भरती. मग माझ्याकडे बघितलं. "आणि यंत्र आडवं होतं."

"हो, दादा."

मला भीती होती, की ते संतापतील, नाहीतर रडतील. ते हसले. मोठ्याने, पोटातून, किती वर्षांत हसले नसतील तसे. बौदींना हाक मारली, "अगं ऐकलंस का, पट्टी चांगली होती. नदी होती ती." बौदींना यंत्रातलं काही कळत नाही, पण हे कळलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नारळाचे लाडू आणायला आत गेल्या. मला इतकं हलकं वाटलं, की आई चुकली असं मनात म्हणून टाकलं.

दादा काठी न घेताच उठले. कपाट उघडलं, कपड्यांच्या मागे हात घातला आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. सोडून दाखवलं. त्याच धातूची एक पट्टी होती, अजून भट्टीत न गेलेली, कोरी.

"ही एक ठेवली होती," ते म्हणाले. "कापायचा धीर झाला नाही. भट्टी तुझ्याकडेच आहे ना अजून? मी येतो. मेट्रो आहे, धरून धरून येईन, तू बेहाल्याला मला घ्यायला ये. तापवायचं मी बघतो, तू नुसती जवळ उभी राहा. तुमचं यान कधी आहे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसले. मी त्यांना झालं गेलं सांगायला आले होते. ते समजले होते, की मी पट्टी न्यायला आले आहे.

बौदी लाडू घेऊन आल्या आणि त्यांनी बशी माझ्या हातात दिली. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. विषय टाळता आला असता, "बघू" म्हणता आलं असतं. पण या माणसाशी मी कधी "बघू" म्हणून बोललेले नाही.

"नाही, दादा," मी म्हटलं. "जाणारं यंत्र तयार होऊन गेलं. मोहोर लागली त्याच्यावर. त्यात दुसरी स्प्रिंग आहे, बाहेरची."

"पुढचं?"

"पुढचं कधी ते कुणालाच माहीत नाही. तोवर मीही नसेन तिथे."

ते "आच्छा" म्हणाले. पट्टी फडक्यावर ठेवली, एकेक घडी बसवत गुंडाळायला लागले. गाठ मारायला वेळ लागला, बौदी मदतीला वाकल्या तर त्यांनी त्यांचा हात बाजूला केला.

"ती बाहेरची चांगली आहे?"

"चांगली आहे."

"माझ्या पट्टीपेक्षा?"

"नाही, दादा. तुमच्या पट्टीइतकी नाही."

त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं.

"मग मी सही का केली?" त्यांनी विचारलं. ते मलाच विचारत होते.